आडवं पडायचं काम

बंगळूर, १२ जून २०२५

प्रिय श्रुती,

हे पेन्सिलीने लिहितो आहे. उताणं पडून पेन वर धरलं की शाई उतरत नाही.

परवा मला पलंगावर निजवलं. पलंग सपाट नाही. पायाकडची बाजू उंच आणि डोक्याकडची खाली. उतार फार नाही, अंगणातलं पाणी वाहून जावं एवढाच. या पलंगावर तीन महिने पडून राहायचं आहे. जेवण, अंघोळ, बाकी सगळं इथेच. कुशीवर वळायला परवानगी आहे, डोकं उचलायला नाही.

निघताना मी सांगितलं होतं की संस्थेत अंतराळवीरांसंबंधी नवीन काम मिळालं आहे. ते खोटं नव्हतं. दोन वर्षं मी इथल्या प्रयोगशाळेत नमुन्यांच्या बाटल्यांवर पट्ट्या चिकटवतो. प्रयोगासाठी निरोगी पुरुष हवे आहेत असं कळलं आणि मी नाव दिलं.

मंगळाकडे जाणाऱ्या माणसाला कित्येक महिने वजन नसेल. रक्त डोक्याकडे चढेल, हाडं झिजतील, पाय काड्यांसारखे होतील. हे जमिनीवर राहून बघायचं तर माणसाला असं उतारावर निजवावं लागतं. आमचे डॉक्टर विनीत म्हणतात, मंगळावर पहिला उतरणारा माणूस आज बहुधा कुठल्यातरी प्राथमिक शाळेत बसलेला असेल. तो तिथे उभा राहू शकेल की नाही, हे आमच्या पायांवरून कळणार आहे.

ऐकताना ऊर भरून आला होता. आता छताकडे बघतो तेव्हा आपलं खाचर दिसतं. रोपं वर आली असतील. लावणी तोंडावर आली आहे आणि मी पडून आहे.

फोन काढून घेतले आहेत. मंगळावरून पृथ्वीशी बोलणं व्हायचं नाही, नुसत्या चिठ्ठ्या जातील आणि त्याही उशिरा. म्हणून इथेही तसंच. मी लिहिलेलं ते थोडे दिवस दाबून ठेवतात, मग कागदाचा फोटो तुला मेलवर पाठवतात. तुझं मला छापून देतात.

घरी ट्रेनिंग आहे एवढंच सांग. आपल्याकडे पावसात तरणा माणूस आडवा पडतो तो आजारी असला तरच. बाबा तर तापातही ओट्यावर बसून राहतात.

दादा

*

कापडे, २४ जून

दादा,

तुझं पत्र मिळालं. ओळी उतरत उतरत पानाच्या कोपऱ्यात गेल्या आहेत.

ट्रेनिंग म्हणूनच सांगितलं. आईने ते विहिरीवर सांगितलं, तिथून वाडीत गेलं, वाडीतून मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर. रविवारी शेजारचा चंदू पोलादपूरहून फ्लेक्स छापून घेऊन आला. तोंड तुझं, कॉलेजच्या ओळखपत्रावरचं. मानेखाली कुणा अंतराळवीराचा पांढरा पोशाख. मागे चंद्र. खाली ‘कापडे गावचा अभिमान’ आणि शुभेच्छुकांचे फोटो, तुझ्या फोटोपेक्षा थोडेच लहान. मी म्हटलं, चंद्र कशाला, त्याचं काम मंगळाचं आहे. चंदू म्हणाला, “मंगळ पत्रिकेत असतो गो. फ्लेक्सवर बरा नाय दिसत.”

फ्लेक्स फाट्यावर लावला. बाबा बघायला गेले आणि छत्री धरून बराच वेळ तिथे उभे राहिले, असं चंदू सांगत होता. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते म्हणे. घरी आल्यावर मला एकच विचारलं, “उभं राहून करायचं काम हाय का बसून?”

मी म्हटलं, दोन्ही.

शाळेत शिकवायला पोलादपूरला जाताना मला त्याच फ्लेक्सखाली एसटीची वाट बघावी लागते. मी वर बघत नाही. चंदूने फ्लेक्स लावला, पण खोटं मी लावलं आहे.

लावणीला सुरुवात झाली. नेहमीप्रमाणे सावड आहे, आज एकाच्या शेतात सगळे, उद्या दुसऱ्याच्या. दर वर्षी रजा काढून येतोस आणि आपल्या घरातून तू जातोस. यंदा कोण, असं अजून कुणी विचारलं नाही. ते विचारत नाहीत हे जास्त लागतं. सुट्टीच्या दिवशी मी जाते, एरवी आई. बाबा रोपांच्या मुठी वाहतात.

श्रुती

*

बंगळूर, ३ जुलै

प्रिय श्रुती,

फ्लेक्सचं वाचून मी भिंतीकडे वळलो. नर्स शर्मिलाताईंनी विचारलं, दुखतं आहे का. मी हो म्हणालो.

माझं तोंड आता त्या फोटोशी जुळणार नाही. ते सुजलं आहे, नाक कायम चोंदलेलं असतं. पोटऱ्या मऊ पडल्या आहेत. दर आठवड्याला यंत्राखाली नेतात, तेही आडवंच. माझं हाड अपेक्षेप्रमाणे झिजतं आहे, असं सांगून विनीत सरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. काहीही न करण्याबद्दल मला आजवर कुणी शाबासकी दिली नव्हती.

शेजारच्या पलंगावर साताऱ्याकडचा राजेंद्र आहे. तो म्हणतो, जवान देशासाठी जागतात, आपण देशासाठी झोपलो आहोत. आम्ही हसतो.

जेवण भरवायला माणूस येतो. ताटात भात असला की माझा घास अडतो. त्याला वाटतं गिळायला त्रास होतो, म्हणून तो पाणी पुढे करतो.

बाबांना मुठी वाहू देऊ नकोस. वरच्या खाचराचा बांध मागच्या पावसातच खचला आहे. मेमध्ये येऊन बांधतो म्हणालो होतो आणि त्याच महिन्यात इथे तपासण्या सुरू झाल्या. चंदूला सांग, तो वाहील.

दादा

*

कापडे, ११ जुलै

दादा,

लावणी झाली.

कशेडी घाटात दरड आली होती, वाहतूक थांबली, शाळा बंद होती. वाऱ्याने फ्लेक्सची एक बाजू सुटली. आई तो सोडवून घरी घेऊन आली.

मला काही विचारायचं आहे. सातवीच्या मुलांना मी तुझ्याबद्दल सांगितलं, खरं काय ते सांगितलं. त्यांना प्रश्न पडले आहेत. पडल्या पडल्या घास कसा गिळतात? पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करतात? पाणी कमी प्यायलं तर चालतं का? आणि भांडं. एखाद्याला दुसऱ्याच्या हातून भांडं घेणं जमतच नसेल, तो अडून बसत असेल, तर त्याला काय सांगायचं?

यातला शेवटचा प्रश्न मुलांचा नाही, माझा आहे. लाज किती दिवसांनी जाते?

सगळं नीट लिही आणि लवकर लिही.

श्रुती

बाबा बरे आहेत.

*

बंगळूर, १८ जुलै

प्रिय श्रुती,

तुझं पत्र मी राजेंद्रला वाचून दाखवलं. पोलादपूरच्या मुलांना आमच्या भांड्याची काळजी वाटते याचं त्याला फार कौतुक वाटलं. मलाही बरं वाटलं. या कामाबद्दल इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काही बरं वाटलं. म्हणून सविस्तर लिहितो.

घास लहान घ्यायचा. कुशीवर वळून, हनुवटी छातीकडे ओढून गिळायचा. घाई केली की ठसका लागतो.

पाठीसाठी सारखं वळायचं. स्वतःला वळता येत नसेल तर दुसऱ्याने वळवायचं, चादरीला धरून, अंगाला ओढून नव्हे. टाचा आधी जातात. पोटरीखाली मऊ घडी ठेवून टाचा अधांतरी ठेवायच्या. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. पंजे वरखाली करत राहायचं, नाहीतर पायात रक्त साकळतं.

पाणी कमी पिऊन अजिबात चालत नाही. पहिल्या दिवशी मी तेच केलं. प्यायलो नाही तर जावं लागणार नाही, असा हिशेब. संध्याकाळपर्यंत डोकं फुटायची वेळ आली आणि शर्मिलाताई रागावल्या.

आता भांडं. मुलांना सांग की मोठ्या माणसांनाही ते जमत नाही. पोट भरलेलं असतं आणि शरीर नाही म्हणतं. मग पडदा ओढतात, बेसिनचा नळ सोडतात. पाण्याचा आवाज ऐकला की होतं. भांडं देणाऱ्याने तोंडाकडे बघायचं नाही. गप्पही उभं राहायचं नाही, दुसरंच काही बोलत राहायचं. शर्मिलाताई त्यांच्या गावच्या पावसाचं बोलतात. मी भिंतीकडे बघतो. पावसाचं संपेपर्यंत काम झालेलं असतं.

आणि तुझा प्रश्न. लाज जात नाही. एवढंच होतं की ती दोघांची होते, आणि मग अर्धी उचलायला दुसरा माणूस मिळतो. ज्याच्याकडे तसं कुणी नसेल त्याचं काय होत असेल, मला माहीत नाही.

मुलांपैकी कुणी अंतराळात जायचं म्हणत असेल तर त्याला हे आधी सांग. रॉकेटचं नंतर.

दादा

*

कापडे, २७ जुलै

दादा,

मुलांनी काही विचारलं नव्हतं. मी त्यांना काही सांगितलंही नव्हतं.

बाबा पडले आहेत. चार तारखेला, वरच्या खाचरात, मुठी घेऊन जाताना बांध पायाखालून गेला. तुझं तीन तारखेचं पत्र माझ्यापर्यंत पोचलं तेव्हा आम्ही महाडला होतो. चवदार तळ्याजवळच्या गल्लीत हाडांचा डॉक्टर आहे, त्याच्याकडे. कमरेच्या हाडाला दोन ठिकाणी चीर आहे. ऑपरेशन नको म्हणाले, पण उठायचं नाही. निदान अडीच-तीन महिने.

बाबांनी आईला आणि मला देवासमोर उभं करून शपथ घातली, की तुला कळवायचं नाही. त्यांना वाटलं तू ट्रेनिंग टाकून येशील.

घरी आणल्यावर त्यांनी पाणी सोडलं. चहा नको, पेज नको. आईच्या हातून भांडं घेईनात, माझ्या हातून तर नाहीच. चंदू आला तर त्याला म्हणाले, “तू जा, तुझी म्हस सुटली असेल.” डोळे खोल गेले, बोलणं कळेनासं झालं. डॉक्टरने घरी येऊन सलाइन लावलं आणि तो माझ्यावर ओरडला. त्या संध्याकाळी मी तुला ते प्रश्न लिहिले.

सलाइन आणि बळेच पाजलेल्या घोटांवर दिवस काढले, मग तुझं उत्तर आलं. मी त्यांना सांगितलं, एका जाणकार माणसाचं पत्र आहे. भांड्याच्या जागेपर्यंत वाचलं. ते भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. मग मला पुढे वाचवेना. मी म्हटलं, बाबा, हे दादाने लिहिलं आहे. तो उभा नाही, बसलेलाही नाही. तुम्ही पडायच्या आधीपासून तो पडूनच आहे, तेच त्याचं काम आहे.

त्यांनी वळून बघितलं. म्हणाले, “त्याला पण भांडं देतात?”

मी हो म्हटलं.

त्यांनी आईला हाक मारली आणि पाणी मागितलं. मी बाहेर जाऊन पन्हळीखाली कळशी लावली, म्हणजे आवाज होईल. आई आत म्हशीचं काहीतरी बोलत राहिली.

तेव्हापासून ते पाणी पितात. जेवतातही. पंजे वरखाली करतात.

त्यांनीच शपथ सोडवली. म्हणाले, कळव त्याला, मी पण पडलोय म्हणून.

लावणी सावडीतल्या लोकांनी पुरी केली. आपल्या घरातून त्या दिवसांत कुणीच गेलं नव्हतं. त्यांनी ते बोलूनही दाखवलं नाही.

श्रुती

*

बंगळूर, ४ ऑगस्ट

प्रिय श्रुती,

बांध मी बांधणार होतो. यावर आणखी काय लिहू.

या प्रयोगातून कुणीही कधीही उठू शकतो. सही करताना ते तीनदा सांगतात. मागच्या आठवड्यात एक जण उठला. त्याची चादर तेवढी काढली. तो गेल्याने त्याचे सगळे दिवस वाया गेले. मी उठलो तर माझेही जातील. उरलेल्यांवरून काही ठरवता येणार नाही, असं विनीत सर म्हणाले. थांब असं मात्र म्हणाले नाहीत.

तुझं पत्र वाचून मी घंटा वाजवली. शर्मिलाताई आल्या. उठायचं आहे, हे वाक्य तोंडात तयार होतं. मी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं.

मंगळावर जाणाऱ्या माणसासाठी मी थांबलो आहे असं सांगता आलं असतं. पण घंटा वाजवताना मनात तो नव्हता. मनात फाटा होता. एसटीतून उतरायचं, चंदू विचारणार, ट्रेनिंग झालं काय रे. मग घरात यायचं आणि बाबांच्या खाटेपाशी उभं राहायचं. इथे पडून राहणं त्यापेक्षा सोपं आहे. मला पडून राहायची सवय झाली आहे. हे लिहायला या पेन्सिलीलाही जड जातं आहे.

बाबांना विचार, मी उठू का. ते म्हणतील तसं करतो.

हा प्रश्न त्यांच्यावर टाकणं बरोबर नाही, हे मला कळतं. तरी विचार.

किशोर

*

कापडे, १३ ऑगस्ट

किशोरास मुरारीचा आशीर्वाद.

हे मी सांगतोय, श्रुती लिहितेय. मी बोलतो तसंच लिही, शाळेतल्यासारखं नको, असं तिला सांगितलंय.

उठू का हे तू मला विचारलंस. विचाराय नको होतं. विचारलंस तर ऐक. उठू नको. लावणी झाली. सावड आपल्यावर बाकी हाय, ती पुढल्या पावसात तू नि मी दोघं जाऊन फेडू. आता येऊन तू करणार काय? घरात दोन माणसं आडवी नि तुझ्या आईला दोन भांडी.

बांधाचं मनात धरू नको. खचलाय हे मला पण ठाव होतं. पाय माझाच होता.

आता दुसरं. श्रुतीनं तुला कळवलं की मी लाजेनं पाणी सोडलं. तिला तसं वाटलं. मी तिला आजवर सांगितलं नाय, आता सांगतोय, तर तिचा हात थांबलाय. लिही गो.

मला महाडवरनं आणलं तेव्हा तुझ्या आईनं गादीखाली तो फ्लेक्स घातला. ओल खाली उतरू नये म्हणून. तिचंही बरोबर, नाहीतर तो पडून कुजलाच असता. पण ती घालत होती तेव्हा मला दिसलं. तुझं तोंड वर होतं. फाट्यावर उभा राहून मी त्या तोंडाकडं बोट दाखवलंवतं. घाटातनं येणाऱ्या ट्रकवाल्यांना पण दाखवलं. पोरगा उभ्यानं काम करतो तिथं, असं सांगितलं. मला कुणी विचारलंही नव्हतं. आता त्याच तोंडावर मी कसा मुतणार? तुझ्या आईला बोललो असतो तर ती जन्मभर रडली असती. म्हणून पाणी सोडलं.

मग श्रुतीनं तुझी चिठ्ठी वाचली. तेव्हा कळलं, तो फ्लेक्सवरचा उभा माणूस तू नाय. तू तिकडं माझ्यासारखा पडलायस, भिंतीकडं बघतोस. मग अडायला काय राहिलं नाय.

आईला काय बोलू नको. फ्लेक्स अजून खालीच हाय.

फाट्यावर बोललो त्याचं मात्र काय करू, कळत नाय. माणसं बघायला येतात, विचारतात, किशोर कुठवर पोचला. मी डोळे मिटून घेतो. त्यांना वाटतं दुखतंय.

तुझ्या डाक्टरला एक विचार. तो मंगळावरचा माणूस एवढे महिने असा राहून तिथं उतरणार. मग त्याला उभं करताना धरायला कोण असेल?

मुरारी

*

बंगळूर, १५ सप्टेंबर

बाबा,

तुमचा प्रश्न विनीत सरांना विचारला. ते म्हणाले, कुणी नसेल. मग म्हणाले, म्हणूनच तर हे सगळं चाललं आहे. त्यांनी तो प्रश्न माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणून घेतला.

मागच्या सोमवारी मला उभं केलं. पलंग हळूहळू कलता केला, शेवटी पाय जमिनीला लागले. दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलं होतं. समोरची भिंत काळी झाली आणि मी त्यांच्या हातांत गेलो. दुसऱ्या दिवशी थोडा वेळ उभा राहिलो. तळपाय असे दुखतात, जणू कधी जमिनीवर ठेवलेच नव्हते. आता धरून चालतो. राजेंद्र माझ्यापुढे चालतो, आणि आम्ही एकमेकांकडे बघत नाही.

माझे सगळे दिवस त्यांच्या कामी आले. तुम्ही थांब म्हणालात म्हणून मी थांबलो, असं इथे सगळे समजतात. मीही एकदा तसं सांगून बघितलं. पण तुम्ही उठ म्हणाला असतात तर मी उठलो असतो की नाही, मला माहीत नाही. घरात पाऊल ठेवायच्या आधी हे तुम्हाला कळलेलं असावं.

श्रुतीने कळवलं की तुमचा खाटेवरचा मुक्काम डॉक्टरांनी दसऱ्यापलीकडे वाढवला आहे. मी पुढच्या आठवड्यात येतो. फाट्यावर चंदूला विचारू द्या. मी त्याला पलंगाचं सांगेन. ट्रकवाले भेटणार नाहीत, पण वाडीतल्यांना मी सांगेन, म्हणजे तुम्हाला डोळे मिटावे लागणार नाहीत.

कापणीला माझा उपयोग नाही. हाड भरेपर्यंत ओझं उचलायला मनाई आहे. भाताचा भारा नाही, पाण्याचा हंडाही नाही.

भांडं उचलता येईल. तुम्ही भिंतीकडे बघा. मी बांधाचं बोलत राहीन.

किशोर